पंचेचाळीसची मागची बाजू

आमच्या घरी सिम्फनी ऐकायची म्हणजे आधी कूलर बंद करावा लागे. मे महिना, नागपूरच्या प्रताप नगरातलं गच्चीखाली तापलेलं घर, आणि माझा थोरला भाऊ उठून कूलरचं बटण बंद करणार. मग पंखा. मग रस्त्याकडच्या खिडक्या. का, तर परदेशातल्या कुणा बाबानं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एक नाजूक जागा लिहून ठेवली आहे आणि ती कूलरच्या घरघरीत बुडते. आई, दादा आणि मी, तिघं घामानं निथळत बसायचो. "माय वं," आई म्हणायची, "लोकं देवासाठी उपास करते, हा बाजासाठी आमाले भाजून राहिला." तरी ती उठून जात नसे.

वडिलांचं गांधीबागेत कापडाचं घाऊक दुकान होतं. पुढे ते दादानंच सांभाळलं. घाऊकीत थानाला नाव नसतं, नंबर असतो. 'सत्तावीस काढ, वरचं एकसष्ट दाखव' एवढ्यावर अख्खा दिवस निघतो. अशा माणसानं तरुणपणी सीताबर्डीवरच्या जुन्या सामानाच्या ठेल्यावरून रेकॉर्ड प्लेयर घेतला, तेव्हा ठेलेवाल्यानं न खपणाऱ्या तबकड्यांची एक पेटीच त्याच्या गळ्यात मारली. सगळ्या सिम्फन्या. कव्हरवरच्या नावांचा उच्चार आमच्यापैकी कुणाला धड करता येईना, पण प्रत्येक नावापुढे नंबर होता. दादाला आणखी काय पाहिजे होतं? तो दुकानातून यायचा, हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, "आज चाळीस."

अडचण एवढीच, की पाचवी सिम्फनी पुष्कळांची असते. म्हणून त्यानं लिहिणाऱ्यांना आपल्या मनानं नावं दिली. शंभरावर सिम्फन्या लिहिणारा तो म्हातारबा. ऐन उमेदीत मेला, पण जाण्याआधी चाळीस आणि एक्केचाळीस लिहून गेला, तो पोट्टा. बहिरोबाच्या मोजून नऊ. चष्मेवाल्यानं आठवीचे दोनच भाग पुरे केले आणि पुढचे तसेच टाकले. आणि त्यानंतरच्या काळातला एक रडका, त्याची सहावी शेवटी इतकी खोल खोल जाते, की घरात कुणी आजारी असलं तर लावू नये. मी शाळेत गणित शिकवायचे. माझ्या दृष्टीनं आकडा म्हणजे आकडा, त्याला चेहरा नसतो. पण या घरात राहून मलाही चौऱ्याण्णव म्हटलं की म्हातारबा दिसू लागला. मुद्दाम हळू हळू वाजवत ऐकणाऱ्याला डुलकी आणायची आणि मग एकदम धाडकन सगळी वाद्यं अंगावर सोडायची, ही त्याची खोड. आई दर वेळी दचकायची आणि दर वेळी त्याला शिव्या घालायची.

आईची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघराच्या दारात एक बुटकं लाकडी स्टूल, मांडीवर ताट, ताटात तांदूळ. ती निवडत बसायची आणि मधेच बोलायची. गॅसचा नंबर लावला का, शेजारच्यांची सून आली का, काहीही. मग दादा मान न वळवता उजव्या हाताचं एक बोट वर करायचा. शब्द नाही, नजर नाही, नुसतं बोट. त्या बोटाचा मला मनस्वी राग यायचा. मी बोलले तरी तेच बोट. आई मिनिटभर गप्प बसायची आणि मग ताटातले तांदूळ सरकवायची. त्या खरखरीलाही बोट वर व्हायचं.

आता पंचेचाळीसचं सांगते. ती म्हातारबाची. कव्हरमागचा मजकूर दादानं डिक्शनरी घेऊन लावला होता. म्हातारबाचा मालक कुणी राजा होता. त्यानं वाजंत्र्यांना महालात अडकवून ठेवलं, घरी बायकामुलांकडे जाऊ देईना. तेव्हा म्हातारबानं शेवटचा भाग असा रचला, की वाजवता वाजवता एकेकाचं काम संपतं. तो आपल्यापुढची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी अंधारात दोन व्हायोलिनं उरतात, आणि तीही थांबतात.

दादानं ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगितली. आईचा हात ताटातच थांबला.

"बंद कर ते," ती म्हणाली.

"काहून?"

"घरातून निघताना मानूस येतो म्हनते. जातो म्हनत नाई. हे तं दिवे फुकून, न सांगता निघून चालले. अशी बैठक आपल्या घरात रिकामी नाई करायची."

"अवं, बाजा आहे तो फक्त."

"असन बाजा. रिकाम्या बैठकीत मंग कोनी ना कोनी येऊन बसते. सांगून ठेवते मी तुले."

दादा हसला, पण आईपुढे कुणाचं काही चालत नसे. दोन व्हायोलिनं उरली की सुई उचलायची, असं ठरलं. सुई उचलायचं काम माझ्याकडे आलं. वडील गेल्यावरच्या वर्षात तर आई त्या वेळी निवडणं सोडून माझ्या हाताकडे बघत राहायची.

त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला शेहेचाळीस होती. ती आम्ही कधी ऐकलीच नाही, कारण त्या बाजूवर लांब ओरखडा होता. सुरुवातीचे काही सूर यायचे आणि सुई अडकायची. मग तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा, एकाच खड्ड्यात पाय घालत राहणाऱ्या माणसासारखा. म्हणजे एका बाजूला शेवट नाही आणि दुसरीला सुरुवातीच्या पुढे काही नाही, अशी ती तबकडी. पुढे माझ्या मोबाईलवर सगळं मिळू लागलं. मी म्हटलं, दादा, लावू का शेहेचाळीस? तो म्हणाला, "आपली आपल्या तबकडीवरच ऐकू." हट्टीपणात तो आईचाच मुलगा. दादानं लग्न केलं नाही. माझं झालं, पण नवरा वारला आणि मी याच घरी परत आले. मग काही वर्षांपूर्वी आई गेली. तिच्यामागेही दोन व्हायोलिनं उरली की मी सुई उचलत राहिले, आणि दादानंही कधी राहू दे म्हटलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता दादाला झटका आला. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जो माणूस दिवसभर दुकानात बोलून घसा बसवून यायचा, त्याच्या तोंडून पाण्याला पाणी निघेना. राहिले फक्त आकडे. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी चहा पाजत होते, आणि तो स्पष्ट, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चौऱ्याण्णव."

मला इतका आनंद झाला की कप हातातून सुटला. सांडलेला चहा तसाच फरशीवर ठेवून मी तबकडी लावली. म्हातारबानं डुलकी आणली, दादाचे डोळे मिटले. धाडकन ती जागा आली. दादाची पापणीही हलली नाही.

वाचेचे व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. हुशार होती, गोड बोलायची. मी तिला आकड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, असं होते बऱ्याचदा. मोजणं, वार, लहानपणीची प्रार्थना, शिव्या, हे सगळं मेंदूत वेगळ्या जागी राहते. ते आपोआप तोंडातून येते. आकडा आला म्हणजे अर्थ आला, असं नाही धरायचं."

"म्हणजे त्याला काही म्हणायचं नसतं?"

"सांगता नाही येत काकू. पण तुम्ही फार आस नका लावून बसू."

मी गणिताची बाई, मला हे पटायला हवं होतं. मी पडताळून पाहिलं. तो चाळीस म्हणाला, मी पोट्ट्याची चाळीस लावली, तो भिंतीकडे बघत राहिला. पाच म्हणाला, बहिरोबाची लावली, तो घोरायला लागला. मी चुकीचीही लावून पाहिली. चाळीस म्हटल्यावर रडक्याची सहावी. काही फरक नाही. त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. दादाचं शरीर पलंगावर होतं. दादा त्यात होता की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. ते मला कुणी सांगू शकत नव्हतं.

मग बाकीचे आकडे बंद झाले. एकच राहिला.

नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रात्रीची भीती वाटत नाही, इथे दुपारची वाटते. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नालीत शिरलेलं, झळांनी समोरचं फाटक हलताना दिसतं. आई म्हणायची, भर दुपारी दार उघडं टाकू नये, त्या वेळी रस्ता आपला नसतो. नेमक्या त्या वेळी दादा जागा व्हायचा आणि म्हणायचा, "पंचेचाळीस."

म्हणताना तो माझ्याकडे बघत नसे. प्लेयरकडेही नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा.

मी ऐकलं न ऐकलंसं करायचे. पाणी द्यायचे, कूस बदलायचे. "पंचेचाळीस," तो पुन्हा म्हणायचा. चिडून नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं की थान मागायचा, तशा आवाजात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला आता त्या आकड्याची धास्ती बसली. ती व्यायामवाली मुलगी म्हणते तसं ते नुसतंच तोंडातून येत असेल, तर आत कुणी नव्हतं. आणि त्याला खरंच अर्थ असेल, तर माझा भाऊ मला सगळे दिवे विझवायला सांगत होता. निघायची परवानगी मागत होता. यातलं कोणतं खरं व्हावं म्हणून देवाला साकडं घालू, मला कळेना.

त्यात एका दुपारी आईचं स्टूल दारात दिसलं. ती गेल्यापासून ते दारामागे उभं करून ठेवलेलं असायचं. मी कामवालीला विचारलं.

"झाडताना सरकवलं असन बाई म्या. ध्यानात नाई."

"मग परत जागेवर ठेवत जा नं."

"ठेवतो नं रोज," ती म्हणाली.

मी ते उचलून दारामागे ठेवलं. तिची चूक असणार, तिला विसरायची सवयच आहे. पण ठेवताना त्याचं लाकूड कोमट लागलं. मेमध्ये सगळंच कोमट लागतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि दादाच्या खोलीत येऊन बसले.

ज्या दुपारी मी हरले, त्या दुपारी तो पंचेचाळीस म्हणाला आणि त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. झटका आलेल्यांच्या डोळ्यांना पाणी येतंच, तेही त्या मुलीनं सांगितलं होतं. पण माझ्याच्यानं बघवेना. मी म्हटलं, "ठीक आहे, लावते. एकदाचं होऊन जाऊ दे." मी कूलर बंद केला. पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. प्लेयरला दादानं झटक्याआधीच्या हिवाळ्यातच नवी सुई बसवून आणली होती. पलंगाला खुर्ची टेकवून बसले आणि सुई ठेवली.

पहिला भाग रागावलेला आहे. दुसरा विचारात पडलेला, तिसरा उगाच नाचरा. चौथा धावत सुटतो आणि मधेच थबकतो. मग सगळं संथ होतं आणि माणसं उठू लागतात. आधी सनईच्या जातीचं एक वाद्य आपलं म्हणणं संपवून गेलं. त्याच्यासोबत शिंग गेलं. बाहेर शेजारची पाण्याची मोटर चालू होती, ती बंद पडली. खर्जातलं मोठं वाद्य एकटंच बराच वेळ घुमलं आणि गेलं. गच्चीवर होला घुमत होता, तो गप्प झाला. आता खोलीत सूर इतके थोडे उरले होते, की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मग फ्रिज नेहमीसारखा थरथरला आणि थांबला. या सगळ्यांनी आपापली वेळ गाठली, दुसरं काही नाही. पण मी खुर्ची पलंगाकडे आणखी ओढली.

दोन व्हायोलिनं उरली. खोलीत आम्ही दोघं.

माझा हात आपोआप सुईकडे गेला. दादानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्याच्यात आहे हे मला माहीत नव्हतं, व्यायामाच्या वेळी तर रबरी चेंडू दाबला जात नसे त्याच्यानं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो दाराकडे बघत होता. मी हात सैल सोडला.

मग जे त्या घरात कुणीच ऐकलं नव्हतं ते मी ऐकलं. फार काही नसतं ते. दोघं हळू हळू बोलतात, एकमेकांना थोडं सांभाळून घेतात आणि थांबतात. येतो म्हणत नाहीत. सुई शेवटच्या गोल रेघेत फिरत राहिली. खस्स. खस्स.

मी दादाच्या छातीकडे बघत होते. ती हलताना दिसेना. मनगटावरची बोटं सैल झाली. मला वाटलं, गेला. मी त्याला शेवटपर्यंत वाजवून दिली आणि तो उठून गेला. मला रडू आलं नाही, नुसती भीती वाटली, आणि ती भीती दादाची नव्हती. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार होतं आणि मला मान वळवायची हिंमत होत नव्हती.

"शेहेचाळीस," दादा म्हणाला.

मी इतकी दचकले की खुर्ची मागे सरकली. मग हसू फुटलं, मग रडू. पंचेचाळीस, मग शेहेचाळीस. त्या मुलीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बघा काकू, मोजणं. बरोबरच होतं तिचं. मी पदरानं तोंड पुसलं, तबकडी उलटी केली आणि सुई ठेवली. ती ओरखड्यावर अडकणार हे मला ठाऊक होतं. तेच चार सूर पुन्हा पुन्हा ऐकत बसायचे, आणखी काय?

ते सूर आले. ती जागा आली. सुई जराशी अडखळली आणि पुढे गेली.

नवी सुई होती. नव्या सुईनं असं होतं म्हणतात. पण शेहेचाळीस, जिचं नुसतं ओझरतं दर्शन घेऊन आम्ही एवढी वर्षं काढली, ती पुढे चालू लागली, आणि ती प्रसन्न होती. कुणी उठून जात नव्हतं, सगळे होते. जुनी बाजू, म्हणून मागे बारीक खरखर होती, ताटातले तांदूळ सरकवल्यासारखी.

दादाचा डावा हात पांघरुणावरून उचलला गेला. थरथरत वर आला, आणि त्यातलं एक बोट सरळ झालं.

मी एवढा आनंद आयुष्यात कधी अनुभवला नाही. ज्या बोटाचा मला जन्मभर राग आला ते बोट वर झालं होतं. मोजणारा माणूस बोट वर करत नाही. ऐकणारा करतो. दादा होता, आत होता, सगळा होता, आणि नेहमीसारखा मला गप्प करत होता.

पण मी काही बोलले नव्हते. तोंड मिटून बसले होते. आणि बोट माझ्या दिशेला नव्हतंच.

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात आईचं स्टूल होतं. सकाळीच मी ते स्वतः दारामागे ठेवलं होतं. त्यावर कुणी नव्हतं. खरखर चालू होती, थांबून थांबून, मुठीमुठीनं, आणि ती प्लेयरकडूनच येते आहे असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

दादाचं बोट अजून वरच होतं. हात दुखत असणार त्याचा.

मी घसा साफ केला.

"गप वं आई जराशी," मी म्हटलं. "ऐकू दे त्याले."

खरखर थांबली. दादानं बोट खाली घेतलं.